मोठीमायचं दुसरं इंजेक्शन

माझ्या मोठीमायचा आवाज गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि हे मी कौतुकाने लिहीत नाही. शाळेतून येताना विहाराजवळ मैत्रिणींबरोबर जरा रेंगाळले की घराकडून हाक यायची, “बेबेऽऽ! म्हशीले पानी कोन पाजन व, तुहा बाप?” आणि सगळ्या पोरी खिदळायच्या. बाप मास्तर होता, दोन कोसांवरच्या शाळेत, त्यामुळे त्या हाकेत जी काही अब्रू जायची ती दोघांची जायची. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच वारले होते. मूलबाळ नव्हतं. माहेरचे लोक न्यायला आले तेव्हा तिने त्यांना पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं, असं आई सांगायची. तेव्हापासून घर तिचं. आई वावरात, बाबा शाळेत, आणि चूल, अंगण, दोन म्हशी नि शेणखताचा उकंडा मोठीमायच्या हुकमतीखाली. सकाळी मला जाग यायची ती बादलीत पडणाऱ्या दुधाच्या पहिल्या धारांनी. मग पाट्यावर मिरची रगडल्याचा आवाज, बाबांच्या रेडिओची खरखर, भाकरी थापण्याची थपथप, आणि या सगळ्याच्या वर मोठीमाय, म्हशीला, आईला, कावळ्याला, कोणालाही काहीतरी सुनावत असलेली. हिवाळ्यात अंबाडीची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून, आणि ताटात वाढल्यावर वरून जवसाचं कच्चं तेल सोडायची. मी आजही ती भाजी करते. सगळं तेच घालते, पण तशी होत नाही आणि चिडचिड होते.

आमचं गाव आंजीपासून पायी पाऊण तासावर. कापूस निघून गेला की पऱ्हाट्या उपटून घरी आणायच्या आणि उकंड्याशेजारी त्यांचा ढीग रचायचा, वर्षभराचं जळण म्हणून. मोठीमायकडे चपला होत्या, पण त्या आंजीच्या बाजाराला जायच्या. उकंड्यावर ती अनवाणीच जायची. एका सकाळी शेणाची टोपली रिकामी करताना पऱ्हाटीचं एक मोडकं टोक तिच्या टाचेत शिरलं. तिने दगडावर बसून ते ओढून काढलं, रक्त फार आलंच नाही, आणि गरम तेलात हळद कालवून त्यात कापसाचा बोळा बुडवून तिथे दाबून बसवला. आई म्हणाली, “ताई, आंजीले जाऊन एक सुई घेऊन घ्या ना.” मोठीमाय म्हणाली, “काऊन? लोखंड नाई, जंग नाई. लाकूड होय ते.” बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून मान डोलावली. मास्तर माणूस, विहारात उभं राहून लोकांना विज्ञान सांगणारा, त्यालासुद्धा वाटत होतं की धनुर्वात लोखंडाच्या गंजात असतो. तो गंजात नसतो. तो मातीत असतो, शेणात असतो, वर्षानुवर्षं जिवंत पडून असतो, आणि खोल, अरुंद जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे, तो जागा होतो. मोठीमायच्या टाचेत आम्ही त्याला हळद लावून कोंडलं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि आजही गावाकडून कोणाचा फोन आला की “खिळा नवाच होता, जंग नव्हता लागला” हे वाक्य ऐकावं लागतं. मी ओरडते. समोरचा म्हणतो, हो हो, आणि दवाखान्यात जात नाही.

आठवडाभरात जखम मिटली. त्यानंतर एका दुपारी मोठीमायने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. “जबडा धरून राह्यला,” म्हणाली. बाबा म्हणाले, दाढ असेल. लवंग दिली. दुसऱ्या दिवशी मान अवघडली. बाबा म्हणाले, उशी वाकडी झाली असेल. शेजारची एक बाई येऊन सांगून गेली की उकंड्यावर काही बाहेरचं लागलं असावं, उतरवून घ्या. बाबा तिच्यावर चिडले, पण त्यांच्या लवंगेत आणि तिच्या उताऱ्यात वेळ सारखाच गेला. दोन दिवस. हे दोन दिवस बाबांनी स्वतःला कधी माफ केले नाहीत, आणि मीही त्यांना पुरते केले नाहीत.

तिसऱ्या सकाळी आईच्या हातून झाकणी फरशीवर पडली. त्या आवाजासरशी खाटेवरची मोठीमाय कमानीसारखी वाकली. डोकं आणि टाचा गादीला टेकलेल्या, मधलं सगळं अंग वर उचललेलं, मुठी आवळलेल्या. आणि चेहरा ताणून ती हसत होती. मला क्षणभर खरंच वाटलं की ती हसतेय, मीही हसायला गेले, आणि मग तिचे डोळे पाहिले. बाबा “धनुर्वात” एवढा एकच शब्द बोलले आणि बंडी जुंपायला धावले. त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडवून अंगणात फेकल्या. बंडीत कडबा, त्यावर सगळ्या वाकळी, त्यावर मोठीमाय, आणि तिच्या डोळ्यांवर आईचा पदर. चाक दगडावरून गेलं की ती वाकायची. बाबा बंडीच्या पुढे पायी चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला हात जोडून सांगत होते, “बोलू नका, बोलू नका.” माणसं घाबरून कडेला उभी राहायची. आंजीहून जीप मिळाली आणि आम्ही वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो.

तिथे तिला एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना जाड पडदे होते. दाराबाहेर चपला काढायच्या, बोलायचं तर कानाशी, भांडं ठेवायचं तर खाली फडकं घालून. उजेड, आवाज, स्पर्श, कशानेही झटका यायचा. टाचेची मिटलेली जखम डॉक्टरांनी पुन्हा उघडून साफ केली, विष उतरवायचं औषध दिलं, झोपेची औषधं चालू केली, नाकातून नळी घातली. आयुष्यभर गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोललेल्या बाईला अशा खोलीत ठेवलं होतं जिथे घड्याळसुद्धा काढून बाहेर नेलं होतं. तिच्याजवळ दिवसा मी बसायचे. आईला म्हशी आणि वावर सोडता येत नव्हतं, बाबांची रजा संपत आली होती. मी दहावीत होते, आणि परीक्षा महिन्यावर आली होती. पुस्तक नेलं होतं, पण त्या अंधारात वाचणार काय? मी नुसती बसून असायचे, तिच्या छातीकडे बघत, श्वास मोजत. पहिले काही दिवस रडू यायचं. मग रडू थांबलं आणि राग यायला लागला. तिच्यावर, त्या टाचेवर, अंगणात धूळ खात पडलेल्या तिच्या चपलांवर. तीन आठवडे झाले तेव्हा एका दुपारी बाबा डबा घेऊन आले आणि मी त्यांच्या कानाशी, पण कुजबुजीपेक्षा जरा मोठ्याने, म्हणाले, “बाबा, आता काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ द्या ना. माझं वर्ष चाललं.” त्यांनी डबा उघडला, बंद केला, आणि मला बाहेर व्हरांड्यात जाऊन जेवायला सांगितलं.

मोठीमाय वाचली. आधी झटके लांबले, मग थांबले, मग एके दिवशी तिचे दात दोन बोटं उघडले आणि नर्सने चमच्याने पेज भरवली. निघायच्या दिवशी वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. बाई फार हळू बोलायच्या, त्या खोलीची सवय लागली असावी. त्यांनी बाबांना विचारलं, “यांना आधी कधी टिटॅनसचं इंजेक्शन दिलं होतं?” बाबा आठवत राहिले. गावात नर्सबाई यायच्या, पोटुशी बायांना आणि लेकरांना टोचून जायच्या. मोठीमाय कधी पोटुशी नव्हती. तिचं नाव कोणत्याच यादीत आलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक नीट ऐका. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, पण हा रोग तसा नाही. याचं विष इतकं थोडं पुरतं की तेवढ्याने माणूस मरू शकतो, पण शरीराला त्याची ओळखच पटत नाही. यांना हा पुन्हा होऊ शकतो. ओळख फक्त लस करून देते. एक इंजेक्शन इथे दिलंय. दुसरं महिन्याने, तिसरं त्यानंतर सहा महिन्यांनी. चुकवू नका.” मी त्यांचं प्रत्येक वाक्य पाठ केलं. मला वाटलं, आता एवढं तरी सोपं आहे, एक सुई महिन्याने आणि एक नंतर.

परीक्षा मी कशीबशी दिली. महिना संपला त्या बुधवारी नर्सबाई गावात आल्या, मी त्यांना “जयभीम मॅडम” करून हाताला धरून घरी आणलं, आणि मोठीमाय घरात नव्हती. आताच चुलीपाशी होती. आई म्हणाली, मागच्या दाराने गेली. ती थेट वावरात जाऊन बसली होती, आणि दिवेलागणीला आली तेव्हा विचारते, “गेली का ते बाई?” पुढच्या खेपेला तिला ताप आला होता, म्हणजे ती म्हणत होती की आलाय. त्यानंतरच्या खेपेला नर्सबाईच आल्या नाहीत. मी उपकेंद्रावर गेले तर कुलूप, शेजारच्याने सांगितलं दुसऱ्या गावी गेल्यात. पुन्हा गेले तर बाई होत्या आणि लस संपली होती. पुन्हा गेले, लस होती, बाई होत्या, त्या माझ्यासोबत उन्हातून पायी आल्या, आणि मोठीमायने त्यांना ताक दिलं, गूळ दिला, त्यांच्या लेकरांची चौकशी केली आणि दंड काही उघडा केला नाही. नर्सबाई घाम पुसत मला म्हणाल्या, “बेबी, तू मले बोलावू नको आता. तिचं मन झालं का तिलेच पाठवजो.” बाबा म्हणाले, बळजबरी करू नको. ज्या माणसाने दोन दिवस लवंगेत घालवले तो मला सबुरी शिकवत होता! मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

मी मोठीमायला समजावायच्या सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. पाटीवर चित्र काढून दाखवलं. जंतू म्हणजे काय, विष म्हणजे काय, लस म्हणजे काय. ती भाकरी थापत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, “देवी निघाली का दुसऱ्यानं निघत नाई. मले होऊन गेलं ना आता.” मी म्हणायचे, “हे तसं नाई! डॉक्टरीणबाईनं सांगितलं ना तुह्यासमोर!” ती म्हणायची, “त्याहिले काय होते सांगाले.” तेच वाक्य, तोच तवा, आणि ती पुन्हा अनवाणी उकंड्यावर. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. देवीचे व्रण चेहऱ्यावर घेऊन म्हातारी झालेली माणसं तिने पाहिली होती, त्यांना ती पुन्हा निघाली नव्हती. अनुभवाने शिकलेल्या माणसाला त्याचा अनुभवच इथे लागू नाही हे सांगणं फार अवघड. पण तेव्हा मला एवढा विचार सुचत नव्हता. मला तिचा दंड धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

आणि एका सकाळी मी ते जवळजवळ केलंच. पावसाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, अंगणात चिखल, आणि ती चिखल-शेण तुडवत, अनवाणी, हातात टोपली घेऊन आली. पायाच्या अंगठ्याला नवं खरचटलेलं होतं. ते पाहून माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी तिच्या हातातली रिकामी टोपली ओढून फेकली आणि ओरडले, “तुले मराचंच असन तं मर ना! पन आमाले काऊन मारतं? कोन बसन पुन्हा त्या अंधारात तुह्याजोळ? तुले काय, तू तं पडून होती, तुले काई समजलं बी नाई. आमी पाह्यलं ते सारं!”

आई दारात आली होती. मोठीमाय ओट्यावर बसली. मला वाटलं आता गावभर ऐकू जाईल असं काहीतरी येणार. पण ती हळू बोलली, त्या खोलीत बोलायचे तितकं हळू. “मले समजत नव्हतं, असं तुले कोनं सांगितलं?” म्हणाली. “मी जागीच होती बेबे. डोये उघडता येत नव्हते, तोंड उघडता येत नव्हतं. पन सारं ऐकू ये. कोन आलं, कोन गेलं. सुई टोचाले आले का पायाचा आवाज आधी ये, आन् मंग मले माहीत राहे का आता आंग ताठ होते, आता हाडं मोडतेत. वरडता बी येत नव्हतं. आता ते बाई पिशवी घेऊन अंगनात आली का मले तेच पाय ऐकू येतेत.” मग ती थोडा वेळ पदराने अंगठा पुसत राहिली. “तुह्यं वर्ष चाललं होतं, ते बी ऐकलं मी,” म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला इतकं समजावलं होतं, पण या रोगात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो हे त्यांनी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी पाठ केलं नाही? आम्ही तिच्या उशाशी काय काय बोललो होतो. बाबांनी भेटायला आलेल्या एका चुलतकाकांना विचारलं होतं की मातीला कोणाकोणाला कळवायचं. आईने तिच्या लुगड्यांचं काय करायचं ते विचारलं होतं. आणि मी. चार महिने मी तिला विष, जंतू, लस शिकवत होते आणि तू का घाबरतेस एवढा एक प्रश्न मला सुचला नव्हता. मी माफी मागायला हवी होती. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस माफी मागत नाही, घरातून निघून जातो. मी निघून गेले, आणि परत आले ती अगदी गप्प होऊन. इंजेक्शनचं नाव काढणं बंद केलं. खरं म्हणजे मी तिच्याशी बोलणंच कमी केलं, तिला टाळायला लागले. तिच्या पायांकडे मात्र बघायचे, रोज, चोरून. राग गेला नव्हता. फक्त तो कोणावर काढायचा ते कळेनासं झालं होतं.

असे दोनेक आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते आणि मोठीमाय भाकरी करत होती. भाकरी वाकडीतिकडी होत होती, आणि तिच्या भाकरी कधी वाकड्या झाल्या नव्हत्या. मग माझ्या लक्षात आलं, ती डाव्या हाताने थापत होती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. मी काही न विचारता तिच्या चोळीची बाही वर सरकवली. दंड लाल होता, सुजलेला, हाताला गरम लागला. चुलीमागच्या फडताळात, मिठाच्या बरणीखाली, नर्सबाईंचं कार्ड होतं, आणि त्यावर दुसऱ्या ओळीत सही.

ती एकटी गेली होती. उपकेंद्रापर्यंत, पायी, चिखलातून, आंजीच्या बाजाराच्या चपला घालून. नर्सबाईंनी नंतर मला सांगितलं की मोठीमाय बाकावर बसल्यावर म्हणाली, मले सांगू नका कधी टोचता ते, आणि पायाचा आवाज करू नका. आणि मग नर्सबाई चपला काढून, अनवाणी तिच्या मागून आल्या. तिसऱ्या इंजेक्शनलाही ती तशीच जाणार होती, आणि गेलीही. पण त्या संध्याकाळी मला हे काही माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाज चढला.

“मले काऊन नाई सांगितलं?” मी म्हणाले. “इतके दिवस मी मांगं लागून होती. एका शब्दानं सांगाचं तरी!”

तिने डाव्या हाताने तव्यावरची भाकर उलटली. ती फाटली. तिने ती तशीच निखाऱ्यावर टाकली, शेकली, आणि माझ्या ताटात वाढली.

“तुले सांगितलं असतं तं तू संगं आली असती, पुन्हा माह्याजोळ बसाले,” मोठीमाय म्हणाली.